झाडाचं मूल्यांकन: सुतळी, कागद आणि विजेची बिलं

शहरातल्या झाडाची किंमत काढायला बसलात की आधी एवढं ठरवा: ती कुणापुढे ठेवायची आहे?

मी सिव्हिल इंजिनीअर. नोकरीचा बराचसा काळ मूल्यांकनात गेला: फ्लॅट, बंगले, गोदामं, विहिरी, पडीक कारखाने. एकाच फ्लॅटची किंमत बँकेच्या कर्जासाठी एक येते, विम्यासाठी दुसरी आणि भावाभावांच्या वाटणीसाठी तिसरी. लोकांना यात लबाडी दिसते. पण विमा विचारतो, जळालं तर पुन्हा बांधायला किती लागेल; बँक विचारते, उद्या विकायला काढलं तर किती येतील. झाडाचंही तेच. सोसायटीच्या सभेत छाटणीचा खर्च मंजूर करून घ्यायचा असेल तर झाड दरवर्षी काय देतं ते दाखवावं लागतं. कुणी झाड पाडलं आणि भरपाई मागायची असेल तर तसंच झाड पुन्हा उभं करायला काय लागेल ते काढावं लागतं. महापालिकेकडे हरकत घ्यायची असेल तर दोन्ही, शिवाय रुपयांत न मावणाऱ्या गोष्टींची यादी.

भूसंपादनाच्या कामात मी बांधावरच्या आंब्यांची मूल्यांकनं पाहिली आहेत. आंब्याचं वय, वर्षाचं पीक, बाजारभाव, अजून किती वर्षं फळेल, हे सगळं धरून नीट किंमत निघते. त्याच बांधावरच्या कडुनिंबाला मात्र लाकडाचा भाव. तो काही विकत नाही, म्हणून त्याचं उत्पन्न शून्य. शहरातली जवळपास सगळी झाडं या कडुनिंबाच्या रांगेतली. त्यांचं उत्पन्न असतं, फक्त ते दुसऱ्याच्या बिलात दडलेलं असतं. ते कसं शोधायचं, ते इथे आमच्या सोसायटीच्या पश्चिमेकडच्या कडुनिंबावर दाखवते. आम्ही पुण्यात, चार मजली इमारत, लिफ्ट नाही, पाण्याची तक्रार कायमची.

मोजमाप

साहित्य: सुतळी, स्टीलचा टेप, खडू, एक चौकोनी कागद, वही. शिंप्याचा टेप दीड मीटरचा असतो, मोठ्या खोडाला पुरत नाही. सुतळी गुंडाळून मग ती टेपवर मोजावी.

घेर नेहमी जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे १.३७ मीटरवर घ्यायचा. बहुतेक सूत्रं याच किंवा याच्या आसपासच्या उंचीवर आधारलेली असतात. पहिल्यांदा मोजाल तेव्हा खोडावर खडूने खूण करा आणि जमीन कुठून धरली ते वहीत लिहा. आमच्याकडे झाडाभोवती एकदा पेव्हर ब्लॉक बसवले, मग काढले, मग पुन्हा बसवले. "जमीन" दरवेळी चार बोटं वरखाली. उतारावर झाड असेल तर वरच्या बाजूने मोजावं. साडेचार फुटांच्या आतच खोड दुभंगलं असेल तर प्रत्येक फांदीचा व्यास वेगळा घ्या, त्यांच्या वर्गांची बेरीज करा आणि वर्गमूळ काढा. वडाच्या पारंब्या खोडात मिसळल्या असतील तर सुतळी सगळ्यांभोवती फिरवून फुगीर आकडा घेऊ नका. मुख्य खोड वेगळं दिसेल तिथे मोजा आणि पारंब्यांची नोंद शब्दांत करा. गेरू-चुन्याच्या पट्ट्याला भुलू नका, तो बहुतेक वेळा साडेचार फुटांच्या खालीच संपतो.

आमच्या कडुनिंबाचा घेर १८८ सेंटीमीटर. याला ३.१४२ने भागलं की व्यास ५९.८.

उंचीला कागद. चौकोनी कागद कर्णावर दुमडला की ४५ अंशांचा कोन मिळतो. त्याची एक लहान बाजू जमिनीला समांतर धरायची, कर्णाच्या रेषेवरून डोळा लावायचा आणि झाडाचा शेंडा त्या रेषेत येईपर्यंत मागे सरकायचं. तिथून खोडापर्यंतचं अंतर अधिक तुमच्या डोळ्यांची उंची, ही झाडाची उंची. मोबाइलवर कोन मोजणारी अ‍ॅपं आहेत, पण कागदाला चार्जिंग लागत नाही आणि वॉचमनलाही एका मिनिटात शिकवता येतं. अडचण एकच: पुण्याच्या सोसायटीत इतकं मागे सरकायला जागा कुठे असते? मग जिन्यात जा. झाडाचा शेंडा कितव्या मजल्याच्या कुठल्या खिडकीशी येतो ते पाहा आणि मजल्याची उंची मोजून गुणा. आमचा शेंडा चौथ्या मजल्याच्या गॅलरीच्या कठड्याच्या थोडा वर येतो. तळमजल्यावर पार्किंग आहे, ते धरून १४ मीटर.

पर्णसंभाराचा विस्तार मोजायला दोघं लागतात. एकाने खोडाशी टेप धरायचा, दुसऱ्याने फांदीचं टोक डोक्यावर येईपर्यंत चालत जायचं. चार दिशांना घ्या, जमलं तर आठ. आमच्याकडे उत्तर-दक्षिण ९.४ मीटर आणि पूर्व-पश्चिम १०.६; सरासरी १०. म्हणजे सावलीचं छत सुमारे ७८ चौरस मीटर. रेराच्या, म्हणजे घरबांधणीच्या नियामकाच्या, भाषेत बोलायचं तर एका छोट्या टू-बीएचकेच्या चटईक्षेत्राहून जास्त.

वय काढायला झाड कापून वलयं मोजता येत नाहीत. इथे कागद आणि माणसं कामाला येतात: सोसायटीचा नोंदणीचा दाखला, मूळ मालकाचं खरेदीखत, एखाद्या मुंजीचा मागे झाड दिसणारा फोटो, आणि सर्वात जुन्या बिऱ्हाडातल्या आजी. आमच्या कडुनिंबाला सगळ्या पुराव्यांवरून ४५ वर्षं धरता येतात. हा आकडा पुढे महत्त्वाचा आहे, म्हणून फोटोची प्रत जपून ठेवा.

शेवटी प्रकृती. बुंध्यात ढोली आहे का, स्क्रूड्रायव्हर दाबला तर आत जातो का, कुत्र्याच्या छत्रीसारखी बुरशी फुटली आहे का, बांडगूळ किती, शेंड्याकडच्या फांद्या वाळल्यात का, खोडाला बोर्डांचे खिळे किती, बुंध्याशी काँक्रीट किती जवळ. शंभरपैकी गुण द्या. आमच्याला मी ७० दिले. तीस गेले ते मुळांवर ओतलेल्या काँक्रीटमुळे आणि एका बाजूने केबलवाल्यांनी केलेल्या छाटणीमुळे.

कार्बन

इथे सूत्र तयार आहे. २०१४ साली जेरोम शाव आणि सहकाऱ्यांनी उष्ण कटिबंधातल्या ५८ ठिकाणच्या, प्रत्यक्ष तोडून वजन केलेल्या ४,००४ झाडांवरून ते बसवलं. जमिनीवरचं वाळलेलं वजन किलोमध्ये असं:

०.०६७३ × (लाकडाची घनता × व्यास × व्यास × उंची) याचा ०.९७६ घात.

व्यास सेंटीमीटरमध्ये, उंची मीटरमध्ये, घनता घनसेंटीमीटरला ग्रॅममध्ये. घात पाहून घाबरू नका, एक्सेल ते मुकाट्याने करतं. घनता जातीवर ठरते: कडुनिंब सुमारे ०.६९, चिंच ०.७५, आंबा ०.५५ ते ०.५९, पिंपळ त्याहून बराच हलका. म्हणून एकाच घेराची चिंच आणि पिंपळ एका तराजूत घालू नयेत.

आमच्या झाडाचं वजन १,८०९ किलो आलं. मुळांसाठी सव्वीस टक्के वाढवा: २,२७९. त्यातला ४७ टक्के कार्बन: १,०७१. कार्बन डायऑक्साइडमध्ये न्यायला ३.६७ने गुणा: ३,९३१ किलो. आता यातले २० टक्के कमी करा. हे सूत्र जंगलातल्या झाडांचं आहे. शहरातलं मोकळ्यावर वाढलेलं, छाटलेलं झाड त्याच घेराला हलकं भरतं, आणि अमेरिकेच्या वनखात्याच्या आय-ट्री या प्रणालीतही हीच वजावट करतात. उरले सुमारे ३.१ टन. एवढा वायू या झाडाने अंगात साठवला आहे.

दरवर्षी त्यात किती भर पडते हे कळायला पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच खुणेवर पुन्हा सुतळी गुंडाळा. घेर दोन सेंटीमीटरने वाढला तर साठा दोन टक्क्यांनी वाढतो, म्हणजे वर्षाला ६५ किलोच्या आसपास.

रुपयांत? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२३ साली एक टन कार्बन डायऑक्साइडमुळे जगाचं होणारं नुकसान १९० डॉलर धरलं. डॉलरला ८५ रुपये धरले तर टनाला सोळा हजार. वर्षाचे झाले हजारभर रुपये.

हजार! एवढं सगळं करून? हो. हे ऐकून आमचे खजिनदार हसले होते, आणि त्यांचं हसणं बरोबर होतं. शहरातल्या एकट्या झाडाच्या किमतीत कार्बनचा वाटा लहानच असतो. ज्यांना झाड वाचवायचं असतं ते सगळा भर कार्बनवर देतात आणि खरं उत्पन्न मोजायचं राहून जातं.

ऑक्सिजनबद्दल, भांडण ओढवून घेऊन

२०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा अहवाल आला. प्रकरण पश्चिम बंगालमधलं, रेल्वे उड्डाणपुलांसाठी तोडायच्या ३५६ झाडांचं. सरन्यायाधीश होते आपले नागपूरचे शरद बोबडे. समिती म्हणाली, झाडाची किंमत म्हणजे वय गुणिले ७४,५०० रुपये. त्यातले ४५ हजार निव्वळ ऑक्सिजनचे. आमच्या कडुनिंबाला हे सूत्र लावलं तर साडेतेहेतीस लाख होतात. त्याआधी १९७९ साली कोलकाता विद्यापीठाचे प्राध्यापक टी. एम. दास यांनी पन्नास वर्षांच्या झाडाची किंमत १५ लाख ७० हजार काढली होती. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे बहुतेक आकडे त्याच घराण्यातले.

मूल्यांकनकार म्हणून मला ऑक्सिजनचा रकाना पटत नाही. झाड निव्वळ किती ऑक्सिजन देतं ते त्याने किती कार्बन साठवला यावरून ठरतं. ६५ किलो वायू साठवला तर साधारण ४७ किलो ऑक्सिजन, एवढंच. माणसाला वर्षाला तीनशे किलो लागतो. आणि हवेत तो २१ टक्के भरलेला आहे. कडुनिंब तोडला म्हणून कर्वे रस्त्यावर कुणाचा श्वास अडत नाही. जी वस्तू अमाप आहे तिला सिलिंडरचा भाव लावला की समोरचा वकील पहिल्याच प्रश्नात अहवाल फाडतो. बुडालेला एक रकाना बाकीच्यांनाही घेऊन बुडतो.

तरी समितीचा आकडा निरुपयोगी नाही. तो निकाल नाही, अहवाल आहे. पण सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवलेला आहे. हरकतीच्या अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा, वेगळ्या परिच्छेदात, "समितीच्या सूत्रानुसार" असं म्हणून. स्वतःच्या गणितात मिसळू नका.

सावली: इथे वेळ घालवा

बंगळुरूमध्ये हरिणी नगेंद्र आणि सहकाऱ्यांनी झाडं असलेल्या आणि नसलेल्या रस्त्यांची तुलना केली. २०१३च्या त्यांच्या निबंधात दुपारच्या हवेच्या तापमानात ५.६ अंशांपर्यंत आणि डांबराच्या पृष्ठभागात २७.५ अंशांपर्यंत फरक नोंदवला आहे. हे तुम्हालाही पाहता येतं. लांबून तापमान सांगणारी इन्फ्रारेड गन ऑनलाइन मिळते. एप्रिलच्या दुपारी तीन वाजता उन्हातल्या भिंतीवर आणि सावलीतल्या भिंतीवर रोखा. गाडीच्या चकचकीत टपावर किंवा पत्र्यावर रोखू नका, चमकदार धातूचं तापमान ती चुकीचं दाखवते. हवेचं तापमान मात्र गनने कळत नाही. त्याला साधा थर्मामीटर, तोही सावलीत टांगलेला, दोन्ही जागी सारख्या उंचीवर.

पण तापमान म्हणजे पैसे नव्हेत. पैसे विजेच्या बिलात सापडतात.

महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. तोच आपला पुरावा. झाडाच्या सावलीत पश्चिमेची भिंत येणारे फ्लॅट निवडा. आमच्याकडे एकावर एक असे चार. मग त्याच इमारतीत त्याच दिशेचे, तेवढेच मोठे, पण सावली नसलेले चार निवडा. प्रत्येकाच्या मार्च ते मे या महिन्यांच्या सरासरीतून डिसेंबर-जानेवारीची सरासरी वजा करा. याने फ्रिज, टीव्ही, गिरणी वगैरे बारमाही वापर निघून जातो आणि उन्हाळ्याचा जादा वापर तेवढा उरतो. बिलं मागायला जाताना काकूंना आधी सांगा की नाव कुठेही येणार नाही. मी फ्लॅटना क, ख, ग अशी अक्षरं दिली. तरी एका घराने दिलं नाही. चालायचंच. शेजारचं घेतलं.

समजा दोन गटांत महिन्याला फ्लॅटमागे ६० युनिटांचा फरक आला. चार फ्लॅट, तीन महिने: ७२० युनिट. दर कुठला लावायचा? सरासरी नव्हे. वाचलेली युनिटं नेहमी वरच्या टप्प्यातली असतात. तीनशेच्या वर वापर जाणाऱ्या घरात एसीची युनिटं तीनशेच्या पुढच्या महाग टप्प्यात पडतात, म्हणून त्या टप्प्याचा दर, त्यावर वहन आकार, इंधन समायोजन आणि वीज शुल्क. सगळं धरून युनिटला १५ रुपये घेतले तर १०,८०० रुपये.

आता मी याचे निम्मे करते: ५,४००. एका घरात दोघं दिवसभर कचेरीत, दुसऱ्या घरात आजोबा आणि दुपारभर क्रिकेट. आठ फ्लॅटांच्या नमुन्यात हा गोंधळ पुरता जात नाही. तुमच्याकडे वीस-पंचवीस फ्लॅटांची बिलं असतील तर वजावट कमी ठेवा. वजावट किती आणि का, हे मात्र लेखी असू द्या. समोरच्याने कापण्याआधी आपणच कापलेलं असलं की सभेत फारसं कुणी बोलत नाही.

पार्किंगच्या सावलीचेही पैसे धरावेत असं मला एकाने सुचवलं. झाडाखालच्या जागेसाठी आमच्याकडे मार्चमध्ये भांडणं होतात, खरं. पण कावळ्यांची वसाहत झाल्यावर त्याच जागेला कुणी विचारत नाही. मी तो रकाना सोडून दिला.

पाऊस आणि हवा

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटर धरला तर आमच्या ७८ चौरस मीटरच्या छतावर साधारण ५५ हजार लिटर पडतात. पानाफांद्यांवर अडून तिथूनच वाळणारा वाटा सावधपणे १५ टक्के धरला तर आठ हजार लिटर गटारात जातच नाहीत. याला टँकरचा भाव लावण्याचा मोह टाळा. ते पाणी तुमच्या टाकीत येत नाही, हवेत जातं. आकडा लिटरमध्येच ठेवा. जोराच्या सरीत झाड लवकर भिजून भरतं आणि मग अडवणं थांबतं, हेही लिहा. हलक्या पावसात झाडाची मदत मोठी, ढगफुटीत नाममात्र.

हवेतली धूळ पानं अडवतात. पण किती, ते एका झाडासाठी घरच्या घरी मोजता येत नाही, आणि अरुंद, दोन्हीकडे उंच इमारती असलेल्या रस्त्यावर दाट छतामुळे गाड्यांचा धूर खालीच कोंडला जाऊ शकतो. आय-ट्री हे काम परदेशी शहरांसाठी करतं, कारण तिथला तासातासाचा हवामान आणि प्रदूषणाचा डेटा त्यात भरलेला आहे. दुसऱ्या शहराचं हवामान निवडून आलेला आकडा पुण्याचा म्हणून छापू नका.

घराची किंमत झाडामुळे वाढते का? अमेरिकेत पोर्टलंडला २०१०च्या एका अभ्यासात रस्त्याकडेच्या झाडांमुळे घरामागे सरासरी ८,८७० डॉलर जास्त मिळाल्याचं दिसलं. त्यासाठी हजारो विक्रीव्यवहार लागतात. आपल्या रेडी रेकनरमध्ये, म्हणजे मालमत्तेच्या सरकारी दरांच्या तक्त्यात, झाडाचा रकानाच नाही, आणि कोथरूडच्या फ्लॅटची किंमत मेट्रोने वाढली की कडुनिंबाने, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. सोडून द्या.

पुन्हा उभं करायचं तर

भरपाईसाठी खोडाच्या क्षेत्रफळाची रीत सर्वात सोपी, आणि विमावाल्यांच्या ओळखीची. रोपवाटिकेत मिळणारं त्याच जातीचं सर्वात मोठं झाड बघा. समजा ८ सेंटीमीटर व्यासाचा कडुनिंब, वाहतूक, खड्डा, माती, कुंपण आणि पहिल्या दोन उन्हाळ्यांचं पाणी धरून ४,००० रुपयांत लागतो. त्याच्या खोडाचं क्षेत्रफळ ५० चौरस सेंटीमीटर. म्हणजे चौरस सेंटीमीटरला ८० रुपये. आपल्या झाडाचं क्षेत्रफळ २,८०९. गुणाकार सव्वादोन लाखांच्या जवळ. त्याला प्रकृतीचे ०.७ आणि जागेचे गुण लावा. पश्चिमेला भर वस्तीत उभं आहे म्हणून जागेला मी ०.८ दिले, कोपऱ्यात, कुणाच्या कामी न येणारं असतं तर ०.४ दिले असते. सुमारे सव्वा लाख रुपये. रोपवाटिकेचं कोटेशन लेटरहेडवर घ्या, तोंडी भाव कुणी मानत नाही.

वर्षाच्या उत्पन्नावरून किंमत

वीज ५,४०० आणि कार्बन १,०५०, मिळून ६,४५०. खर्च वजा केल्याशिवाय पुढे जायचं नाही, आणि झाडप्रेमी नेमके इथेच अडखळतात. दर तीन वर्षांनी परवानगी काढून केलेली छाटणी, तिचे वर्षाला २,००० पडतात. गच्चीच्या पन्हळी साफ करणं आणि झाडलोट यांचे १,०००. निव्वळ राहिले ३,४५०. म्हणजे झाड आपल्या छाटणीचे पैसे स्वतः भरतं आणि वर काही देतं. सभेत मी एवढंच वाक्य बोलले आणि छाटणीचा ठराव मंजूर झाला.

भांडवली किंमत हवी असेल तर उरलेलं आयुष्य ३० वर्षं धरा. पुढच्या वर्षांचे पैसे आजच्या किमतीत आणायला पाच टक्के दर धरला तर गुणक १५.३७ येतो, किंमत ५३ हजार. दहा टक्क्यांनी गुणक ९.४३, किंमत साडेबत्तीस हजार. विजेचे दर महागाईबरोबर चढत जातात, म्हणून मी पाच टक्क्यांकडे झुकते. पण दोन्ही आकडे द्या.

५३ हजार, सव्वा लाख, साडेतेहेतीस लाख. तिन्ही एकाच झाडाचे. पहिल्यात फक्त चार फ्लॅटांच्या बिलात मावलं तेवढं आणि कार्बनचे हजारभर, एवढंच आहे. पाऊस, धूळ, बस थांब्यावर उभे राहणारे लोक, तांबट आणि कोकीळ त्यात नाहीत. म्हणून त्याच्यापुढे "किमान" हा शब्द लिहायचा. तिन्ही आकड्यांची बेरीज कधीच करायची नाही, आणि सरासरीही नाही. अंगात साठलेल्या ३.१ टनांचे पन्नास हजार वार्षिक उत्पन्नाच्या किमतीत मिसळायचे नाहीत. झाड तोडण्याचा प्रश्न असेल तेव्हाच ते वेगळ्या ओळीत येतात.

एका झाडाऐवजी पूर्ण वॉर्ड

एकेक झाड मोजत बसायचं नसेल तर छताची टक्केवारी काढा. आय-ट्री कॅनॉपी हे फुकट साधन उपग्रह चित्रावर तुमच्या हद्दीत यादृच्छिक बिंदू टाकतं; प्रत्येक बिंदू झाडावर आहे, छपरावर की रस्त्यावर, एवढंच तुम्ही सांगायचं. ५०० बिंदूंपैकी १२० झाडांवर पडले तर छत २४ टक्के, आणि चूक दोन्हीकडे साधारण दोन टक्के. चित्र कोणत्या महिन्याचं आहे ते पाहा. मे महिन्यात गुलमोहर फुललेला सापडतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण.

झाडांच्या संख्येपेक्षा ही टक्केवारी जास्त बोलते. मुंबईच्या वृक्षगणनेत २९ लाख ७५ हजारांवर झाडं मोजली गेली. त्यात वीस मीटरचा पर्जन्यवृक्ष एक आणि कुंपणाशी उभा आसुपालवही एकच. न्यूयॉर्कने २००५-०६मध्ये रस्त्याकडेची ५ लाख ९२ हजार झाडं आकारासकट मोजली, म्हणूनच २००७च्या अहवालात त्यांना एका डॉलरच्या खर्चावर ५.६० डॉलरचा लाभ दाखवता आला.

हरकत घेताना

महाराष्ट्राच्या १९७५च्या झाडांच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. आमच्या कडुनिंबाला ४५. गंमत बघा, दीड मीटर रुंद छताची रोपं घेतली तर ७८ चौरस मीटर सावली भरायला पहिल्या दिवशी ४४ रोपं लागतात, आकडा जवळपास जुळतो. पण ती रोपं कुठल्याशा टेकडीवर लागतात, आमच्या पश्चिमेच्या भिंतीवर नाही. अर्जात हे वाक्य नक्की घाला: लाभ जागेला बांधलेला आहे, रोपं त्या जागेवर येणार नाहीत.

झाडावर नोटीस चिकटवलेली दिसली की आधी तिचा फोटो, तारीख आणि क्रमांक दिसेल असा. मुदत तिच्यातच लिहिलेली असते. अर्ज उद्यान विभागात, वृक्ष अधिकाऱ्यांच्या नावे, दोन पानांपेक्षा मोठा नको. पहिल्या पानावर जात, घेर, उंची, छत, वय आणि वयाचा पुरावा. दुसऱ्यावर रुपयांतले दोन आकडे, "किमान" शब्दासह. त्याखाली लिटर आणि किलो. त्याखाली समितीच्या सूत्राचा परिच्छेद. गणिताची पानं जोडपत्रात. झाड धोकादायक म्हणून तोडायला काढलं असेल तर तुमचे प्रकृतीचे गुण आणि ढोलीचे फोटो जोडा, आणि झाड खरंच पोखरलेलं असेल तर हरकत घेऊ नका. पुढच्या झाडाच्या वेळी तुमचा अर्ज कुणी गंभीरपणे वाचणार नाही. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांकासह शिक्का मारून पोच घ्या. साहेब जेवायला गेलेत म्हणाले तर थांबा.